'क्वोटिडियन' नाम म्हणून चालेल का? आजीच्या 'रोजच्या'बद्दल थोडं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजीवर लिहिलेला स्वतःचाच मराठी लेख तुम्ही इंग्रजीत करताय. त्यातलं एक वाक्य आहे, "आजीचं रोजचं म्हणजे पाणी, चूल आणि गोठा." 'रोजचं'साठी 'क्वोटिडियन' (दैनंदिन) हा इंग्रजी शब्द घेऊन त्याचं तुम्ही केलं, "माय ग्रँडमदर्स क्वोटिडियन्स वेअर वॉटर, फायर अँड काऊज." सरांनी 'क्वोटिडियन्स'वर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, हे विशेषण आहे. घरातल्या छोट्या कोशातही विशेषण एवढंच दिलंय. उलट मैत्रीण सांगते की शेक्सपिअरनेच हा शब्द नाम म्हणून वापरलाय. मग कोणाचं खरं?

गंमत अशी की तिघांचंही खरं आहे, आणि तरीही तुमचं वाक्य दुरुस्त करावंच लागणार आहे.

मी वीस-बावीस वर्षं मराठीतून इंग्रजीत अनुवाद करतो आणि इतरांचे अनुवाद तपासतो. या काळात 'विशेषण नाम म्हणून चालतं का' हा प्रश्न मला शेकडो वेळा आलाय, पण जवळजवळ कधीच तो खरा प्रश्न नव्हता. इंग्रजीत विशेषण नाम म्हणून चालतं, रोज चालतं. खरा प्रश्न असतो तो किती नाम म्हणून, आणि कोणाच्या तोंडी. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती मी अंदाजाने बोलतोय, राग मानू नका: तुम्हाला 'क्वोटिडियन' हा शब्द आवडलाय आणि तो कुठेतरी बसवायचाच आहे. मलाही एकेकाळी असे शब्द आवडायचे. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

आधी मराठीकडे बघू, कारण चूक तिथूनच निघते. आपल्याकडे विशेषणाचं नाम करायला कोणाची परवानगी लागत नाही. 'शहाण्याला शब्दाचा मार', 'बुडत्याला काडीचा आधार', 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं'. यातला शहाणा, बुडता, नकटी ही सगळी विशेषणं आहेत, पण विभक्ती लागली की ती मुकाट्याने नामं होतात. लिंगसुद्धा कामाला येतं. आंधळा म्हटलं की पुरुष, आंधळी म्हटलं की बाई. आणि नपुंसकलिंगी एकवचन वापरलं की माणूस जातो आणि अमूर्त गोष्ट उरते: खरं बोल, गोड खा, जुनं ते सोनं. तुमचं 'आजीचं रोजचं' याच जातीचं. 'रोजचं' काय, हे मराठी वाचक विचारतच नाही. त्या अनुस्वाराने सगळं सांगून टाकलेलं असतं.

इंग्रजी विशेषणाला ना लिंग, ना विभक्ती, ना वचन. म्हणून जे काम आपला अनुस्वार करतो ते तिथे 'द' या उपपदाला करावं लागतं. 'द पुअर', 'द अननोन', 'द इम्पॉसिबल'. हा दरवाजा जवळजवळ सगळ्या विशेषणांना उघडा आहे, अनोळखी विशेषणांनासुद्धा. पण आत गेल्यावर अटी आहेत. 'द पुअर' म्हणजे सगळे गरीब, एक गरीब माणूस नव्हे, म्हणून क्रियापद अनेकवचनी: 'द पुअर आर'. 'द अननोन' म्हणजे जे अज्ञात आहे ते, म्हणून एकवचनी: 'द अननोन इज'. दोन्ही ठिकाणी शेवटी एस लागत नाही. आपल्या शाळांतून 'पुअर्स' आणि 'ब्लाइंड्स' सर्रास लिहिलं जातं ते याचमुळे. आपण मनात 'गरिबांना' म्हणतो, त्या 'गरिबां'मधलं अनेकवचन कुठे ठेवायचं ते कळत नाही, मग एस चिकटवतो. ('ब्लाइंड्स' वाचून इंग्रज माणसाला खिडकीवरचे पडदे दिसतात, ती गोष्ट वेगळी.)

या 'द'वाल्या प्रकारात शब्द खरं तर विशेषण राहिलेलाच असतो. त्याची एक सोपी खूण आहे: त्याला 'व्हेरी' लागतं. 'द व्हेरी पुअर', 'द व्हेरी ओल्ड' हे बिनघोर चालतं, आणि 'व्हेरी' कधी नामाला असं लागत नाही. आपल्या 'अगदी गरिबालाही परवडेल' मधलं 'अगदी' तसंच. 2002 साली निघालेल्या केंब्रिजच्या जाडजूड इंग्रजी व्याकरणात या रचनेला 'फ्यूज्ड हेड' असं नाव दिलंय. म्हणजे नाम वेगळं आलेलं नाही, विशेषणातच विरघळलेलं आहे. तुमच्या सरांना हे नाव सांगितलंत तर कदाचित त्यांचा विरोध थोडा मवाळ होईल, कारण 'हे विशेषण आहे' हा त्यांचा मुद्दा त्यातही शाबूत राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे पुरतं धर्मांतर. शब्दाला 'अ' लागतो, एस लागतो, 'माय', 'हर' लागतं, आता तो इतर नामांसारखाच. 'क्रिमिनल', 'इंटलेक्चुअल', 'प्रोफेशनल' अशी कितीतरी मूळची विशेषणं आज उघड नामं आहेत. इथे मात्र दरवाजा सगळ्यांना उघडा नाही. शब्दाला ती जागा बोलणाऱ्यांच्या एखाद्या समूहाने द्यावी लागते, आणि देताना अर्थ अरुंद होतो. रिकाम्या बाटल्या परत करणाऱ्यांनी 'एम्प्टीज' केलं, त्याचा अर्थ कुठलीही रिकामी वस्तू असा होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात दोनच मोठे ऋतू, म्हणून तिथे 'द वेट' म्हणजे पावसाळा आणि 'द ड्राय' म्हणजे कोरडा हंगाम. हेच तुम्ही कोकणातल्या जुलैबद्दल लिहिलंत तर वाचक बुचकळ्यात पडेल, पाऊस कितीही असो. 'डेली' घ्या. विशेषण म्हणून अर्थ रोजचा, पण 'अ डेली' म्हणजे वर्तमानपत्र, आणि जुन्या ब्रिटिश घरांत रोज येणारी कामवाली बाई. आपलं 'दैनिक' अगदी तसंच. दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक ही सगळी विशेषणं छापखान्याच्या जगात नामं झाली. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं ते पाक्षिक म्हणून, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. पण 'आजीचं दैनिक' म्हटलं तर आजी पेपर काढायची असाच अर्थ होईल ना? तुमच्या 'क्वोटिडियन्स'चं नेमकं तेच झालंय.

आता मैत्रिणीचा शेक्सपिअर. ती चुकलेली नाही. 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये झाडाझाडांवर रोझलिंडचं नाव कोरत फिरणाऱ्या प्रेमवीराबद्दल नायिका रोझलिंडच, पुरुषवेषात, तिच्या प्रियकराला ऑर्लँडोला म्हणते की त्याला 'द क्वोटिडियन ऑफ लव्ह' जडलेला दिसतो. इथे क्वोटिडियन नाम आहे यात शंका नाही. पण त्याचा अर्थ 'रोजचं आयुष्य' नाही. त्याचा अर्थ ताप! रोज ठरावीक वेळी थंडी वाजून भरणारा हिवताप. ऑर्लँडो लगेच कबूलही करतो की प्रेमाने थडथडणारा तो मीच. मोठ्या इंग्रजी कोशात 'क्वोटिडियन' पुढे नाम अशी नोंद सापडते ती मुख्यतः या तापाची. त्याची भावंडंही आहेत: एक दिवसाआड येणारा 'टर्शियन', दोन दिवस सोडून येणारा 'क्वार्टन'. आयुर्वेदातल्या विषमज्वरात हीच विभागणी अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक अशी आहे. आणि तिथेही मोजणी तशीच, आजचा दिवस धरून, म्हणून दिवसाआड येणाऱ्या तापाला 'तिसरा' म्हणायचं. 'तृतीयक'सुद्धा विशेषणच, पण वैद्य लोक 'ज्वर' हा शब्द गाळून बोलायचे आणि ऐकणाऱ्याला कळायचं. दोन्हीकडे एकाच धंद्यातल्या माणसांनी एकच युक्ती केली.

म्हणून कोश बघताना माझी सवय अशी: 'नाम' हा शिक्का दिसला म्हणून थांबायचं नाही, त्यापुढचा अर्थ वाचायचा. नाहीतर तुमच्या वाक्याचा अर्थ एखादा जुनी नाटकं वाचणारा वाचक असा घेईल की आजीला रोज ताप यायचा, आणि त्यातून गायी निघायच्या.

आता कबूल केलेली माझी गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत एका कथेत 'कातरवेळ' हा शब्द आला. संध्याकाळ म्हणवत नाही, रात्र म्हणवत नाही, जीव उगाच हलका होतो ती वेळ. मी कोशात शोधत शोधत 'क्रेपस्क्युलर'पर्यंत पोचलो आणि हरखून गेलो. लिहिलं, 'द क्रेपस्क्युलर हॅड एंटर्ड द हाउस.' परदेशातल्या संपादकबाईंनी समासात तीन शब्द लिहून पाठवले: "द क्रेपस्क्युलर व्हॉट?" मी चिडलो. दोन दिवस मनात वाद घातला की 'द सबलाइम' (जे उदात्त आहे ते) चालतं, 1757 साली एडमंड बर्क या विचारवंताने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, मग माझंच का नको? तिसऱ्या दिवशी उत्तर कळलं. 'क्रेपस्क्युलर' हा शब्द इंग्रजी वाचकाला मुख्यतः प्राण्यांच्या संदर्भात भेटतो. झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला हिंडणारे ते क्रेपस्क्युलर प्राणी. माझ्या वाक्यात त्या बाईंना घरात शिरलेलं एखादं जनावर दिसत होतं. शेवटी मी साधं 'डस्क' घातलं आणि हुरहुर पुढच्या वाक्यात एका पात्राच्या हातांना दिली. कथा जास्त बरी झाली.

त्या तीन शब्दांची मी पुढे चाचणीच बनवली. 'द' लावून विशेषण लिहिलं की स्वतःला विचारायचं: काय? द अमुक काय? वाचकाच्या मनात एकच उत्तर पटकन यायला हवं. 'द अननोन' म्हटलं की 'जे माहीत नाही ते' यापलीकडे काही येत नाही. 'द क्वोटिडियन'ला सुशिक्षित इंग्रजी वाचक 'रोजच्या जगण्यातलं जे साधंसुधं असतं ते' असं उत्तर देईल, कारण समीक्षेत आणि निबंधांत हा वापर त्याने अनेकदा पाहिलेला असतो. म्हणजे 'द क्वोटिडियन' चालतं. 'अ क्वोटिडियन' आणि 'क्वोटिडियन्स' यांना मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. रोजच्या वस्तू? रोजची कामं? रोजचे विचार? तीन उत्तरं आली म्हणजे नाम हरवलंय, ते लिहावं लागेल.

इंटरनेटवर शोधून खात्री करायची असेल तर नुसतं 'द क्वोटिडियन' शोधू नका. समोर 'द क्वोटिडियन लाइफ'सारखे हजारो निकाल येतील आणि ते काहीच सिद्ध करणार नाहीत, तिथे तो साधं विशेषण आहे. पुढे 'इज', 'ऑफ' किंवा 'अँड' जोडून शोधा. त्या शब्दानंतर क्रियापद, शब्दयोगी किंवा पूर्णविराम येतोय का ते पाहा. आणि कोण लिहितंय तेही पाहा. सगळे निकाल काव्यसमीक्षेतलेच निघाले तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलं.

इथून पुढे मात्र व्याकरणाचा अंमल संपतो, आणि 'परिस्थितीवर अवलंबून' हे कबूल करावं लागतं. मुख्य म्हणजे, बोलतंय कोण? जनाबाईच्या अभंगांच्या अनुवादाला प्रस्तावना लिहायची असती तर मी स्वतः 'द क्वोटिडियन' वापरलं असतं. जातं, शेणी, केर यांच्यात देव येऊन बसतो, हे समीक्षकाच्या आवाजात सांगायला तो शब्द नेमका आहे. पण अभंगाच्या आत? कधीच नाही. तुमच्या लेखात बोलणारी नात आहे, आणि ती पहाटे आजीच्या मागे मागे गोठ्यात गेलेली आहे. तिच्या तोंडी लॅटिनातून आलेला हा शब्द म्हणजे नऊवारीवर टाय. (मुळात लॅटिनमध्ये तो अगदी साधा होता. येशूच्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर' जुन्या लॅटिन पाठात याच शब्दाने येते. फ्रेंचमध्ये आजही 'कोतिदियां' म्हणजे सरळ वर्तमानपत्र किंवा रोजचं जगणं. इंग्रजीने मात्र साध्या कामाला 'डेली' आणि 'एव्हरीडे' ठेवले आणि याला पाहुण्यांच्या कपबशीसारखं कपाटात ठेवलं.)

'द एव्हरीडे' हा पर्याय तुमच्या सरांनी सुचवला असेल तर तो चांगला आहे. तोही विशेषणच आहे आणि नाम म्हणून बिनतक्रार चालतो. फक्त जोडून लिहा, तोडून लिहिलं की 'दररोज' होतं. 'द मंडेन' आणि 'द हमड्रम' टाळा, त्यांच्यात कंटाळ्याचा वास आहे, आणि तुमच्या आजीच्या दिवसात कंटाळा दिसत नाही. 'द ऑर्डिनरी' तसा ठीक आहे, पण त्यात 'असामान्य नव्हे' असं मोजमाप लपलेलं असतं. 'रोजचं' म्हणताना आपण कोणाशी तुलना करत नसतो.

माणसांबद्दल लिहिताना अजून एक काळजी घ्यावी लागते, तुमच्या लेखात पुढे शेजारच्या आंधळ्या काकांचा उल्लेख आहे म्हणून सांगतो. 'अ ब्लाइंड' असं इंग्रजीत होतच नाही. 'द ब्लाइंड' होतं, पण तो अख्खा समूह होतो, एक काका नव्हेत. शिवाय विशेषणाला नाम केलं की माणसाचा तेवढाच एक गुण उरतो, म्हणून हल्ली पुष्कळ संपादक ते टाळतात. आपल्याकडे अपंगचं दिव्यांग झालं ते अशाच अवघडलेपणातून. अर्थात याचाही अतिरेक होतो. 2023च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने 'द पुअर', 'द डिसेबल्ड' असे सरसकट शब्द नकोत असं ट्विट केलं आणि त्याच यादीत 'द फ्रेंच' घातलं. जगभर इतकी टिंगल झाली की त्यांनी ते ट्विट काढून टाकलं आणि कोणाला दुखवायचा हेतू नव्हता असं सांगितलं. तुमच्या काकांसाठी 'अवर ब्लाइंड नेबर' पुरे.

पण हाच प्रकार उलट्या दिशेने किती ताकदीचा होऊ शकतो याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. इंग्रजीतलं 'अनटचेबल' हे विशेषण. 1948च्या आपल्या ग्रंथाचं नाव डॉ. आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' असं ठेवलं. एस लावून, पुरतं नाम करून, आणि उपशीर्षकात विचारलं की हे लोक कोण होते आणि ते असे का झाले. विशेषण म्हणून तो शब्द एक अवस्था सांगतो, नाम केल्यावर ज्यांच्यावर ती लादली ती माणसं समोर उभी राहतात. आणि 'दलित' तर आपलं विशेषण. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते विशेषण म्हणूनच पुढे होतं. आज इंग्रजी वर्तमानपत्रं 'अ दलित', 'दलित्स' असं सहज छापतात, तिथे त्याला 'अ'ही लागला आणि एसही. यातला एकही एस कोशाला विचारून लागलेला नाही. पण तो एकट्या लेखकाने हौसेनेही लावलेला नाही, त्यामागे शब्द वापरणारी लाखो माणसं होती. तुमच्या 'क्वोटिडियन्स'च्या मागे सध्या तुम्ही एकट्याच आहात.

आपल्या कचेऱ्यांतलं 'डू द नीडफुल' (म्हणजे आवश्यक ते करा) आठवा. तिथेही विशेषणच नाम झालंय. इंग्लंडमध्ये ते जवळजवळ वापरातून गेलं, आपल्याकडे रोज हजारो पत्रांच्या शेवटी बसतं. लंडनच्या संपादकाला ते खटकेल, पण पुण्या-मुंबईच्या कचेरीत त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या वाक्याकडे. मी काय करेन ते सांगतो, पण आजी तुमची आहे, निर्णय तुमचा. 'रोजचं'ला नामच हवं असेल तर इंग्रजीत एक जुनं, फुकटचं नाम पडून आहे: 'डेज'. "माय ग्रँडमदर्स डेज वेअर वॉटर, फायर अँड द काऊशेड." मूळ वाक्यात गायी नव्हत्या, गोठा होता, तो परत आणा, झाडलोट, शेण, वैरण सगळं त्या गोठ्यात आहे. 'चूल'चं 'फायर' तुम्ही केलंत ते मला आवडलं, 'स्टोव्ह' म्हटलं असतं तर रॉकेलचा वास आला असता.

लेखाच्या शेवटी तुमचं दुसरं वाक्य आहे, "रोजच्यातच तिला देव सापडला." तिथे नात थोडी लांब जाऊन, मोठी होऊन बोलतेय. 'क्वोटिडियन' अगदी सोडवतच नसेल तर तो इथे, एकदाच, 'द' लावून आणि एस न लावता ठेवा: "शी फाउंड हर गॉड इन द क्वोटिडियन." व्याकरणाने तो शुद्ध आहे. मी स्वतः 'इन द एव्हरीडे' लिहीन, पण यावर भांडणार नाही. सरांनी पुन्हा रेघ मारली आणि हा लेख गुणांसाठी असेल, तर 'एव्हरीडे' लिहून मोकळ्या व्हा. तो शब्द पुढच्या लेखापर्यंत खराब होत नाही.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की शब्द अवतरणचिन्हांत टाकला तर चालून जाईल का. नको. अवतरणचिन्हं घातली की वाचकाला दिसतं की लेखिकेलाच त्या शब्दाची खात्री नाही. ठेवायचा तर उघड ठेवा.